श्वानाचे परदेशगमन

इंद्राने रथ आणला, तेव्हा सोबतच्या कुत्र्यास टाकून स्वर्गी जाणे युधिष्ठिराने नाकारले. जबलपूरहून मुलाकडे जर्मनीस कायमच्या निघालेल्या वृद्ध मराठी दांपत्यापुढे हाच पेच असतो. महाभारतातला कुत्रा अखेर धर्म ठरला; हा कुत्राच राहणार, म्हणून येथली कसोटी अधिक कठीण म्हणावी लागेल. आधी कातडीखाली मायक्रोचिप, मग रेबीजची लस. किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, तीत प्रतिपिंडे मिलिलिटरमागे निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक. रक्त घेतल्यापासून पुढे ३ महिने प्रतीक्षा. डुमना विमानतळावरून परदेशी थेट विमान नाही. तेव्हा आधी दिल्ली किंवा मुंबई, आणि तेथून, जनावर थोराड असल्यास, पिंजऱ्यात बसून विमानाच्या पोटातून प्रवास. कागद पुरे होतात. दाराशी बॅगा दिसताच तो मात्र अन्नास तोंड लावीत नाही.