पाण्याचा रंग

मुलांना मोकळे सोडावे, असे म्हणणे सोपे असते. सोडायचे कुठे, हे मात्र उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या आईवडिलांना रोज ठरवावे लागते. एका अंगाला मलंगगडाचे डोंगर, बारवीचे जंगल आणि उल्हास नदी. दुसऱ्या अंगाला रासायनिक कारखाने आणि रेल्वेचे रूळ. आमची मुले याच मुलखात वाढत आहेत. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात.

धाकट्याला झाडांचे वेड. बदलापूरची जांभळे नावाजलेली. खाली सडा पडलेला असला तरी त्याला हवे असते ते फांदीवरचेच. त्याच्या आजीचा एकच नियम आहे : आंब्यावर चढ, जांभळीवर नको. जांभळीची फांदी दिसायला भक्कम, पण ती कडकन मोडते. 'झाडावर चढू नकोस' या सरसकट मनाईपेक्षा मला हा नियम मोलाचा वाटतो. त्यात मुलाला निदान दोन झाडांतला फरक तरी कळतो.

पाण्याचे प्रकरण अधिक गंभीर. कोंडेश्वरच्या कुंडात आजवर कितीतरी तरुण मुले बुडाली. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदी घालते, ते योग्यच आहे. 2019 च्या 27 जुलैला उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडवली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा नदीला भिऊ नका, असे मुलांना कोणत्या तोंडाने सांगावे?

पण भिणे आणि ओळखणे यांत फरक आहे. मागे एकदा पावसाळ्याच्या आरंभी एका ओहोळात आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात उतरलो होतो. काठावरून एक ठाकर आजी म्हणाल्या, "पोरांनो, पानी तांबडं झालं का भायेर निघायचं. वाट नाय पाहायची." इथे ऊन असले तरी वर डोंगरात सर कोसळलेली असते. आधी पाण्याचा रंग पालटतो, काटक्या-पाचोळा वाहत येतो आणि मागून लोंढा. त्या दिवसापासून थोरली पाण्यात पाय घालण्याआधी ते नीट न्याहाळते.

त्या आजींची नातवंडे तेव्हा गुरांमागे होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे, ओढा, विंचूकाटा हे सारे सांभाळणारी ती मुले आपल्या मुलांच्याच वयाची होती, हे मला राहून राहून आठवते. (त्यांच्या कष्टांचे कौतुक करण्याचा हेतू नाही, ती मुले गुरांमागे गेली ती गरिबीमुळे.)

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात आयांचे बोलणे कानी पडते : साप, भरधाव रिक्षा, अनोळखी माणसे. या धास्ती खोट्या नाहीत. वालधुनीचे नाव मात्र क्वचितच निघते. ही नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहते. मंदिर शके 982 चे, म्हणजे इ. स. 1060 चे. त्याच्या कारागिरांची मुले या पाण्यात डुंबली असतील. पुढे उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यांनी तिला निळे केले, रसायनांनी आणखी कसकसले रंग दिले. 2014 साली तिच्यात रसायन ओतले गेले, तेव्हा काठावरची शेकडो माणसे मळमळ आणि श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात पोचली. ती पोहायला गेली नव्हती. आपापल्या घरांत होती.

जांभळीची फांदी मुलाला पारखता येते, लोंढ्याची खूणही शिकवता येते. वालधुनीत शिकवण्यासारखे काही उरलेले नाही. तिथे फक्त दूर राहायचे. साहस शिकवणे हे घरचे काम. हा धोका मात्र मोठ्यांनी निर्माण केलेला आहे आणि तो निस्तरणे मुलांच्या सावधपणावर ढकलता येत नाही.

मंदिर पाहायला गेलो असताना थोरलीने सवयीने पाण्याकडे बघितले आणि विचारले, "बाबा, हे पाणी तांबडे झाले, तर वर पाऊस पडला म्हणायचे की कोणी काही सोडले?" धाकट्याने उचललेला खडा तिने त्याच्या हातून काढून घेतला आणि त्याला मंदिराच्या बाजूला ओढले.