उन्हाळ्यातली मोजदाद

31 मार्चला पेढीवरील मालाची मोजदाद संपते. गोदामातील तागे मोजले जातात, तूटफूट वजा होते, उधारीची यादी निघते आणि वर्षभरात काय आले, काय गेले व काय उरले याचा आकडा मालकाच्या हाती येतो. व्यापारी घराण्यांत ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते तेही याच शिस्तीचा मान म्हणून. मात्र घरातल्या कोठीत किती धान्य आहे, कपाटांत किती वस्त्रे आहेत, माळ्यावर किती भांडी न वापरता पडून आहेत, असे कोणी विचारले तर त्याच मालकाला सहसा उत्तर देता येत नाही. ते उत्तर गृहिणीपाशी असते, आणि तिची मोजदाद चैत्र-वैशाखात सुरू होते.

उन्हाळा हा गृहव्यवस्थेचा खरा वर्षारंभ होय. बाजारात नवा गहू, नवी ज्वारी, नवी तूरडाळ आलेली असते. ऊन कडक असते. पुढे पावसाळा आणि चातुर्मास उभे असतात. जैन घरात या तयारीला आणखी एक कारण आहे. धान्यात जीव पडला की त्याची हिंसा टाळणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून धान्यात जीव पडूच नये, याची काळजी आधी घ्यावी लागते. वर्षाचे धान्य निवडून, चाळून, उन्हात घालायचे. निवडताना एखादा किडा दिसलाच तर तो हळुवारपणे पुंजणीवर घेऊन सावलीच्या जागी सोडायचा. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेल चोळायचे. कोठीत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. उन्हातून आणलेले धान्य लगेच भरायचे नाही. ते पूर्ण निवू द्यायचे. नाही तर कोठीत त्याला घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. यालाच जयणा म्हणतात. ही काळजी घेणाऱ्या स्त्रीचे पैसे वाचतात हे खरे, पण तिच्या कामाचा आरंभ पैशापाशी झालेला नसतो.

जैन आहारातील कालमर्यादाही या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची मानतात. श्वेतांबर परंपरेत उकळलेले पाणी हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन प्रहर चालते. हवेत ओलावा असलेल्या पावसाळ्यात दोन्हींची मुदत सर्वांत कमी. फाल्गुनी चौमासीपासून पालेभाज्या आणि आर्द्रा नक्षत्रापासून आंबा सोडण्याची रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. या नियमांत वाढलेल्या गृहिणीला काटकसर वेगळी शिकावी लागत नाही. शिळे अन्न वर्ज्य असल्यामुळे उरलेले दुसऱ्या दिवशी खाऊन संपवण्याची सोय तिला नाही. मग मोजूनच रांधणे, हा एकच मार्ग उरतो. ताटातले शेवटचे शीत संपवून ताट धुऊन ते पाणी पिण्याची जुन्या माणसांची सवय पाहुण्यांना विचित्र वाटत असेल, पण ज्या घरात ती आहे त्या घरातील मुले वाढून घेतानाच विचार करतात.

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी कापडाच्या व्यापाऱ्याचे असे एक घर आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. लग्नसराईत सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकांची रीघ असते, पण दुपारी एक ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. या घरात दरवर्षी वैशाखात पाच किलो उडदाचे पापड होत. शिवाय मूगवड्या, कोहळ्याचे सांडगे, शेवया, तांदळाच्या उकडीच्या कुरडया आणि कच्च्या केळ्यांचे काप. बटाट्याला या घरात प्रवेश नाही आणि गहू तीन दिवस भिजत घालून आंबवणेही नियमात बसत नाही, म्हणून कुरडईचे पीठ शिजते त्याच दिवशी गच्चीवर जाते. एके काळी या कामाला सहा बायका असत. जावा वेगळ्या झाल्या, नणंदा आपापल्या घरी गेल्या आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी मांडी घालून बसणे नाकारले. सूनबाई दुकानाचे हिशेब आणि जीएसटीचे काम पाहतात. तेव्हा एका उन्हाळ्यात प्रश्न उभा राहिला : हे सारे आता थांबवायचे का?

सासरे म्हणाले, "बाजारात सगळे मिळते. विकत आणा आणि मोकळे व्हा."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ घरातल्या सर्वांना कळत होता. वाळवण बंद होणे म्हणजे त्यांच्या लेखी त्यांचा या घरातील शेवटचा अधिकार जाणे होते.

सूनबाईंनी वेगळाच मार्ग सुचवला. "आई, किती किलोचे करायचे ते आधी डबे उघडून ठरवू या का?"

"त्यात काय बघायचे? दरवर्षी पाच किलोचे होतात."

तरी डबे उघडले गेले. एक डबा जवळजवळ भरलेला निघाला. गेल्या पावसाळ्यात झाकण सैल राहिले असावे. पापड ओल धरून बसले होते, वासही बदलला होता. ते खाण्याजोगे नव्हते आणि गायीला घालण्याजोगेही नव्हते. जयणेने परठवावे लागले. सासूबाई डब्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनीच हिशेब सांगितला. माणसे अकरा होती तेव्हा पाच किलो लागत. आता पाच माणसे आहेत. पंगत लहान झाली तरी लाटणे त्याच आकड्यावर चालत राहिले होते. यंदा दोन किलो पुरे, असे त्यांनीच ठरवले.

या दोन किलोंतही वाटणी झाली. एक किलोचे पापड घरी करायचे ठरले. दुपारी दुकान मिटल्यावर मुलगा पीठ कुटायला बसला. उडदाचे ते घट्ट पीठ तेलाचा हात लावून वरवंट्याने कुटताना त्याला दरदरून घाम फुटला, आणि आई एवढी वर्षे हे कशी करीत आली असेल, हा प्रश्न त्याला वयाच्या चाळिशीत प्रथमच पडला. सासूबाई खुर्चीवर बसून दोऱ्याने लाट्या कापीत होत्या. सुट्टीला आलेल्या मुलांनी निम्म्या लाट्या तेलात बुडवून तिथेच फस्त केल्या, आणि उरलेल्यांचे पापड जुन्या साडीवर पसरून कावळ्यांवर पहारा केला. काम तीन दुपारांत उरकले.

दुसरा किलो समाजातील एका विधवा भगिनीकडून करून घ्यायचे ठरले. त्या पापड-वड्या करून दोन मुलांचे शिक्षण चालवीत होत्या. त्यांनी मजुरी सांगितली तेव्हा सासऱ्यांमधला व्यापारी जागा झाला. "किलोमागे थोडे कमी करा, घरचेच काम आहे," असे ते सवयीने बोलून गेले. त्या बाई मान खाली घालून 'बरं' म्हणणार, इतक्यात आतापर्यंत शांत असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, भाव करू नका. एक किलोचे पापड लाटायला हाताला काय पडते, ते मला ठाऊक आहे." मजुरी सांगितली तेवढीच दिली गेली.

काटकसरीचा खरा कस लागतो तो इथे. स्वतःची गरज कमी करून पैसा वाचवणे ही काटकसर. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल कमी करून वाचवणे याला काटकसर म्हणता येत नाही. साधर्मिक वात्सल्याच्या मोठ्या जेवणावळी घालणाऱ्या घरांनीही हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. गरजू साधर्मिकाला वर्षातून एकदा वाढलेल्या मिष्टान्नापेक्षा, तिच्या कामाला मिळालेला पुरा भाव तिला अधिक काळ पुरतो आणि तिची मानही ताठ राहते. हाच न्याय घरातल्या स्त्रीलाही लागू आहे. घरी केले म्हणून स्वस्त पडले, असे म्हणताना तिचे श्रम शून्य किमतीला धरलेले असतात. पेढीच्या वहीत असा हिशेब कोणी मान्य केला नसता. ते श्रम वाटून घेतले तरच घरचे वाळवण खरोखर स्वस्त आणि गोड होते.

धान्यानंतर कपाटांची पाळी येते. कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी वस्त्रांचा साठा किती होतो हे व्यापारीच जाणोत. उरलेले तुकडे, न खपलेल्या रंगांच्या साड्या, लग्नकार्यात आलेले आहेर, 'कधी तरी लागेल' म्हणून ठेवलेली स्टीलची भांडी. पूर्वी दारावर बोहारीण येई. जुन्या साड्यांच्या बदल्यात पातेले किंवा डबा मिळे. त्या देवघेवीत दोन्ही बाजूंची घासाघीस असे, पण वस्त्र वाया जात नसे. मऊ झालेल्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवल्या जात. थोरल्याचे सदरे धाकट्याला, आतेभावाची पुस्तके मामेभावाला, हे इतके सहज होते की त्याला कोणी नाव दिले नव्हते. हल्ली मात्र सुखवस्तू घरांत दुसऱ्याचे वापरलेले घेण्यात कमीपणा वाटू लागला आहे. वास्तविक चुलत भावाचा एकदाच घातलेला लग्नातला कुडता लहानग्याने घातला तर कोणाचीही पत कमी होत नाही. व्यापाऱ्याची पत त्याच्या शब्दावर आणि वेळेवर चुकवलेल्या हुंडीवर उभी असते, हे आजोबांच्या पिढीला पक्के ठाऊक होते.

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाचे आणि भोगोपभोगाचे परिमाण सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून करून दिलेली नाही. मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून, करून दिली आहे. कपाट आवरताना या विचाराचा प्रत्यय येतो. एखादी साडी दहा वर्षांत नेसली गेलेली नसते, तरी ती देण्यासाठी हात पुढे होत नाही. परिमाण ठरवण्यासाठी आधी मोजावे लागते, आणि मोजायला बसले की आसक्तीही नजरेस पडते. त्या घरात सूनबाईंनी एक साधा नियम केला : दोन उन्हाळे जी वस्तू हाताळली गेली नाही, ती तिसऱ्या उन्हाळ्यापूर्वी उपयोगी पडेल अशा माणसाकडे जाईल. देताना ती धुऊन, बटण लावून, घडी करून द्यायची. फाटके आणि मळके देणे म्हणजे दान नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या दारी नेणे होय.

उन्हाळ्यातील संध्याकाळ ही अशा घराची खरी मिळकत. सूर्यास्त सात वाजण्याच्या सुमारास होत असल्याने चोविहाराला घाई होत नाही. गिऱ्हाइकीच्या गर्दीतही पितापुत्र पाळीपाळीने वर येऊन जेवून जातात. बर्फ अभक्ष्य असल्यामुळे माठ आहे. पन्हे आणि जिरे घातलेले ताक दिवसा होऊन जाते. पाणी गाळताना गाळण्यातील जीव जपून परत पाण्यात सोडायचे असतात, हे आजी नातवंडांना दाखवते, आणि मग बादलीभर पाणी उगाच सांडायला त्यांचा हात धजत नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर गच्चीवर सतरंज्या पडतात. 48 मिनिटांच्या सामायिकाला मुले पूर्ण वेळ बसतातच असे नाही, पण आजीच्या शेजारी झोपून गोष्ट ऐकता ऐकता नवकार म्हणतात. या सुट्टीचा खर्च फारसा नसतो, तरी मोठेपणी तीच आठवते.

अक्षय तृतीयेला हस्तिनापूरला श्रेयांसकुमाराने भगवान ऋषभदेवांना इक्षुरस दिला आणि दीर्घ उपवासाचे पारणे झाले. जैन परंपरेत दानाचा आरंभ त्या दिवसापासून मानतात, आणि तो दिवस नेमका या तयारीच्या मध्यावर येतो. वाचवलेल्याला वाट दिली नाही तर काटकसर हळूहळू कृपणतेत जमा होते. म्हणून वैशाखातील मोजदादीत जे वाचले, त्याचा आकडा वेगळा काढावा. त्या घराने तीन किलो उडदाचे आणि न घेतलेल्या नव्या कपड्यांचे पैसे वेगळ्या डब्यात टाकले. त्यातून दुकानासमोर पाणपोईचे दोन रांजण आले आणि उरलेली रक्कम पांजरपोळात चाऱ्यासाठी गेली. मुलांनी तो डबा स्वतः मोजला, कारण पापड त्यांनी राखले होते.

आषाढी चौमासीपूर्वी कोठ्या भरून, झाकणे घट्ट करून व्हावीत. डब्यांवर महिना आणि वजन लिहावे. जे संपले आणि जे उरले, त्याची नोंद पुढच्या चैत्रासाठी एका वहीत ठेवावी. ही वही पेढीच्या वह्यांशेजारी ठेवावी आणि घरातील पुरुषांनीही ती वाचावी.