गेलेल्या फीचरची नोंद

सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये नव्या फीचरची नोंद करणं सोपं असतं. काढून टाकलेल्या फीचरची नोंद मात्र लिहिणाऱ्याला छळते, कारण ती करायला पानच उरलेलं नसतं.

आवृत्त्यांचा हिशोब ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या मॅन्युअलमध्ये बदल त्या त्या फंक्शनखालीच लिहिलेला असतो. सबप्रोसेस मॉड्यूलमधलं ‘रन’ हे फंक्शन 3.5 मध्ये आलं, 3.6 आणि 3.7 मध्ये त्याला नवे पॅरामीटर मिळाले, 3.12 मध्ये विंडोजवर शेल शोधण्याचा क्रम बदलला. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला आपल्याकडे काय चालेल ते तिथल्या तिथे कळतं. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्रत्येक मुख्य आवृत्तीचं मॅन्युअल स्वतंत्र असतं आणि बदलांची यादी मुख्यतः रिलीज नोट्समध्ये मिळते. त्यामुळे पान स्वच्छ राहतं.

लिहिणाऱ्याचा जीव या स्वच्छ पानात अडकतो. ‘अमुक आवृत्तीपासून’ अशा ओळींनी मजकूर भरला की त्याला आपलं काम विद्रूप झाल्यासारखं वाटतं. हा लिहिणाऱ्याचा अहंकार आहे. वाचकाला त्या ओळी हव्याच असतात.

2019 मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या 12व्या आवृत्तीने ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ ही फाइल बंद केली आणि तिच्यातल्या सेटिंग मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नेल्या. जुनी फाइल डेटा डिरेक्टरीत राहिली असेल, तर सर्व्हर सुरूच होत नाही. अशा वेळी माणूस शोधतो ते जुनंच नाव. नवं त्याला माहीत नसतं. मॅन्युअलला पुढे बंद झालेल्या आणि नाव बदललेल्या फीचरचं परिशिष्ट जोडलं गेलं. जुन्या नावाने येणाऱ्याला तिथून नव्या जागी जाता येतं.

मॅन्युअल तयार करणाऱ्या साधनांनीही या गरजेकडे उशिरा पाहिलं. पायथॉनच्या मॅन्युअलसाठी घडवलेलं स्फिंक्स 2008 मध्ये आलं. ‘या आवृत्तीत नवं’ ही खूण त्यात पहिल्यापासून होती. ‘या आवृत्तीत काढलं’ ही खूण 2024 मध्ये, 7.3व्या आवृत्तीत आली.

काही कंपन्या फक्त ताज्या आवृत्तीचं मॅन्युअल ठेवतात आणि जुनी पानं पुसून टाकतात. हा वाचकावर अन्याय आहे. अपग्रेड एका दिवसात होत नाही. कित्येक कार्यालयांत जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं चालते. फीचर काढायचं तर काढावं. पण ते केव्हा गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, एवढं सांगणारं पान जुन्याच नावाने ठेवावं.