गुरुग्रामचा ओढा पाहिलात का?

गुरुग्रामला मुलांकडे किंवा कामानिमित्त आलात, की सायबर हब आणि मॉल बघून होतातच. या वेळी एक सकाळ बादशाहपूर नाल्यासाठी ठेवा. नाव नाल्याचं असलं, तरी मुळात हा अरवलीतून येणारा पावसाळी ओढा आहे.

सिकंदरपूरहून रॅपिड मेट्रो पकडा आणि सेक्टर 55-56 या शेवटच्या स्टेशनवर उतरा. तिथून घाटा गाव रिक्षाने जवळच. टेकड्यांवरून उतरणारं पाणी पूर्वी इथल्या तलावात थांबायचं, मुरायचं आणि उरलेलं ओढ्याने पुढे जायचं. आता त्या परिसरात उंच इमारती आहेत.

इथून सुमारे 28 किलोमीटर तो वाटिका चौक, खांडसा, हिरो होंडा चौक असा वाहत नजफगड नाल्याला मिळतो. घाट्यापासून तिथपर्यंत जमीन 70 मीटरहून जास्त उतरते, त्यामुळे पाऊस पडला की पाणी धावतंच. एरवी त्यात बरंचसं सांडपाणी असतं. रुमाल जवळ ठेवा, आधीच सांगते!

28 जुलै 2016 ला काय झालं, आठवतंय? खांडसा गावाजवळ घरांच्या दाटीत ओढ्याचं पात्र एकदम अरुंद झालं होतं. मुसळधार पावसाचं पाणी तिथे तुंबलं, हिरो होंडा चौक बुडाला आणि हजारो लोकांनी रात्र गाडीत काढली. सोशल मीडियाने त्याला ‘गुरुजाम’ असं नाव दिलं. मुंबईकरांना 26 जुलै 2005 आणि मिठी नदी वेगळी सांगायला नको. दोन्हीकडे बोल पावसाला लागला. मला विचाराल तर पाणी आपल्या जुन्याच वाटेने निघालं होतं.

नजफगड नाला म्हणजे तरी काय? राजस्थानातून येणाऱ्या साहिबी नदीचंच हे पात्र. वझिराबादजवळ ते यमुनेला मिळतं आणि दिल्लीच्या यमुनेत सर्वाधिक घाण याच वाटेने येते. गुरुग्रामच्या फ्लॅटमधलं सांडपाणी प्रक्रियेविना ओढ्यात सुटलं, की त्याचा प्रवास हाच.

हिवाळ्यात येत असाल तर बसईची पाणथळ जागाही बघा. बांधकामांमुळे ती आक्रसत चालली आहे, तरी बदकं, बगळे, शेकाटे दिसतात. दुर्बीण घ्या आणि ऊन चढायच्या आत पोहोचा.