वाळूच्या पोटातले पाणी

भूगोलाच्या तासाला सहाराचे वाळवंट मी आजवर किती वर्गांना शिकवले असेल, याचा हिशेब आता लागत नाही. (मराठीत एम. ए. झालेला मनुष्य भूगोल का शिकवतो, हा प्रश्न सरकारी शाळा पाहिलेल्या वाचकांना पडणार नाही.) फळ्यावर आफ्रिकेचा आकार काढायचा, वरचा सारा भाग खडूने भरून टाकायचा आणि म्हणायचे, "मुलांनो, इथे पाणी नाही." नव्वद लाख चौरस किलोमीटरांचा तो मुलूख, म्हणजे आपल्या देशाच्या जवळजवळ तिप्पट, मी त्या एका वाक्यात निकालात काढीत असे.

वास्तविक त्या वाळवंटाशी आमच्या घराचा संबंध होता. आमचे मच्छे गाव बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आणि बेळगाव म्हणजे मराठा पलटणीचे घर. आमचे आज्जा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमधून लिबियात गेले होते. १९४२ च्या २० जूनला रोमेलच्या फौजांनी तोब्रुकच्या तटबंदीला आग्नेयेकडून खिंडार पाडले, ते नेमके या बटालियनच्या आघाडीवर. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले, त्यांत आज्जा एक. ते घरी परतले तेव्हा महायुद्ध संपलेले होते.

लढाईविषयी ते चकार शब्द काढीत नसत. बोलत ते पाण्याविषयी. पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांतून येणारे पाणी, त्या पाण्याच्या चहाला येणारा पेट्रोलचा वास, आणि दाढीचे पाणी फडक्यातून गाळून लॉरीच्या रेडिएटरमध्ये ओतण्याची शिस्त, एवढेच त्यांचे महायुद्ध. तांब्यातले उरलेले पाणी मी अंगणात भिरकावले की ओसरीवरून हाक येई, "का सांडालास रे पाणी?" मृगापासून पागोळ्या गळणाऱ्या आमच्या मुलखात हे बोलणे आम्हां पोरांना विनोदी वाटे. त्यांच्यामागे आम्ही त्यांची नक्कल करीत असू, हे आज लिहिताना बरे वाटत नाही.

लिबियाला जाणे माझ्यासारख्याच्या ऐपतीबाहेरचे. परंतु वाळवंट एकदा डोळ्यांनी पाहावे, हे मनात रुतून बसले होते. शेजारचे एक निवृत्त हवालदार जैसलमेरच्या सरहद्दीवर राहून आलेले. ते म्हणाले, "गुरुजी, आफ्रिका कशाला? बेंगळूरहून जोधपूरला जाणारी गाडी आपल्या बेळगाव स्टेशनवर थांबते. चढायचं आणि बसायचं." त्याप्रमाणे दसऱ्याच्या सुट्टीत हवालदार, सौ. आणि मी असे तिघे चढलो आणि बसलो. फार वेळ बसलो, एवढेच सांगतो. जोधपूरला गाडी बदलून, पोखरणवरून जैसलमेरला उतरलो तेव्हा अंगावरच्या धुळीचा रंग आणि गावाचा रंग एकच झाला होता.

जैसलमेरचा किल्ला बाराव्या शतकातला, ११५६ साली रावळ जैसल याने वसवलेला. पिवळ्या दगडाचा तो डोंगर संध्याकाळच्या उन्हात खरोखरच सोन्यासारखा दिसतो. पण त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला तेथे अधिक आवडले ते एक झाड. वाटेवर जिकडे तिकडे एक काटेरी, बारीक पानांचे झाड दिसे. त्याला तिकडे खेजडी म्हणतात. हवालदार म्हणाले, "ही आपली शमी." पांडवांनी शस्त्रे ठेवली ती, सीमोल्लंघनाला आपण पुजतो ती शमी! तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी आम्ही खाणावळीत खाल्ली. शमीची भाजी होते हे ऐकून सौ.ला प्रथम थोडा धक्काच बसला. मग तिने दुसऱ्यांदा मागून घेतली.

पहिल्या दिवशी भाड्याच्या जीपने रामगढवरून लोंगेवाल्यापर्यंत जाऊन आलो. १९७१ च्या डिसेंबरात तेथे पंजाब रेजिमेंटच्या एका कंपनीने रात्रभर शत्रूचे रणगाडे थोपवून धरले आणि उजाडताच आपल्या विमानांनी त्यांचा समाचार घेतला. शत्रूचे बरेच रणगाडे आणि गाड्या वाळूतच रुतून राहिल्या होत्या. लोखंडी पट्ट्यांवर चालणारा रणगाडा वाळूत कसा रुततो, असे मी विचारले. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले.

दुसऱ्या दिवशी जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, प्रवाशांची गर्दी नसलेल्या टेकड्या दाखवतो, असे सांगून जीपवाल्याने डांबरी सडक सोडली. अर्धा-पाऊण तास सेवण गवताच्या बुंध्यांमधून आम्ही छान चाललो होतो. मग एका उतारावर गाडी हळूच बसली. बसली हाच शब्द योग्य. एंजिनाने जितका जोर करावा तितकी चाके खोल जात. जीपवाल्याने उतरून चारही चाकांतली हवा निम्मी सोडून दिली. पंक्चर होऊ नये म्हणून जन्मभर सायकलीत हवा भरत आलेल्या मला हा आत्मघात वाटला. परंतु हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर भार कमी येतो. १९३० च्या सुमारास राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने साध्या फोर्ड मोटारी लिबियाच्या वाळवंटात घातल्या त्या याच युक्तीने. जोडीला चाकांखाली सरकवायच्या लोखंडी पन्हळी आणि रेडिएटरची वाफ पुन्हा पाणी करून घेणारा डबा. उडत्या वाळूवर त्याने लिहिलेला शास्त्रीय ग्रंथ १९४१ साली निघाला. आमच्याजवळ मात्र पन्हळी नव्हत्या. पायपुसणी घालून पाहिली, ती चाकांनी गिळली.

या धडपडीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. मागे ठेवलेला वीस लिटरचा पाण्याचा कॅन धक्क्यांनी आडवा होऊन सगळा सांडला होता. उरल्या होत्या दोन बाटल्या. तो कॅन घट्ट बसला आहे की नाही हे सकाळी मी पाहिले होते, निदान सौ.ला तसे सांगितले होते.

ऑक्टोबरातले ऊन असूनही डोक्यावर परात तापवल्यासारखे वाटत होते. तासाभराने एका टेकडीवरून दोन उंट घेऊन एक वृद्ध गृहस्थ येताना दिसले. हवालदारांनी त्यांच्याशी मोडक्या मारवाडीत बोलणे केले. जीपवाला गाडीपाशी थांबेल, आम्ही उंटांवरून त्यांच्या ढाणीवर, म्हणजे पाच-सहा घरांच्या वाडीवर जाऊ, आणि तेथून ट्रॅक्टर पाठवू, असे ठरले. एक बाटली जीपवाल्याजवळ ठेवली. निघण्यापूर्वी मी हातातोंडाची धूळ धुतली. अर्धी बाटली गेली असावी. सवयीचा हात, मनात काही नव्हते. वृद्ध गृहस्थ पाहत होते. ते रागावले नाहीत. कुतूहलाने त्यांनी विचारले, "माटसाब, आपरे देस में पाणी घणो?"

मी अभिमानाने सांगितले की आमच्याकडे चार महिने पाऊस असतो.

उंट उठतो तेव्हा आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे बसलेला माणूस प्रथम पुढे नतमस्तक होतो आणि मग मागे फेकला जातो. सौ.ने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली ती ढाणी येईपर्यंत सोडली नाही. उंटाच्या मदारीत पाणी असते असेही मी एकेकाळी वर्गात सांगितलेले आहे. तिच्यात चरबी असते. उंटाची खुबी निराळीच. उन्हात तो आपल्या अंगाचे तापमान सहा-सात अंशांनी चढू देतो, घामावर पाणी घालवीत नाही. वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढे पाणी अंगातून गेले तरी तग धरतो आणि पाणी मिळाले की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पिऊन मोकळा होतो. श्मिट-निल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३-५४ साली सहारात जाऊन याचा अभ्यास केला होता. आज हा प्राणी मोटारींपुढे मागे पडतो आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ च्या गणनेत ते अडीच लाखांवर आले. आमच्या वृद्ध सोबत्यांचा मुलगा शहरात मोटार चालवतो, असे कळले.

ढाणीवर पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. ट्रॅक्टर रवाना झाला. आम्हांला खाटेवर बसवून ते वृद्ध गृहस्थ हाती दोर घेऊन निघाले, आणि मीही मागोमाग गेलो. वाळूत एक लाकडी झाकण होते, कुलूप लावलेले. खाली एक विहीर, तिला कुंई म्हणतात. आत एक माणूस जेमतेम बसून खणू शकेल इतकीच ती अरुंद. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात तिचे रहस्य सांगितले आहे, ते परतल्यावर वाचले. पण त्या संध्याकाळी हवालदारांच्या मध्यस्थीने मला ते पुष्कळसे तेथेच कळले. या भागात खूप खालचे पाणी खारे. पण काही ठिकाणी वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, एक थर असतो. वर्षातून थोडेसे पडणारे पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि त्या थरावर अडकते, खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते वाळूच्या कणाकणांत ओल होऊन राहते. कुंई खणली की तिच्या अंगातून ही ओल थेंबथेंब पाझरते. दिवसभरात दोन-चार घागरी. म्हणून संध्याकाळी एकदाच झाकण उघडायचे. पावसाचे थेट साठवलेले ते पालर पाणी, खोल विहिरीतले पाताळ पाणी, आणि ही मधली ओल म्हणजे रेजाणी पाणी. मराठी घेऊन एम. ए. झालो, पण पाण्याला अशी तीन नावे असतील हे ठाऊक नव्हते.

शिवाय खडिया. ज्या जिप्समचा खडू होतो, तेच हे. तीस वर्षे ज्या खडूने सहारावर 'पाणी नाही' लिहिले, त्याच्याच जातीच्या थराने येथे पाणी धरून ठेवले होते.

पोहरा वर आला. वृद्ध गृहस्थांनी आधी आम्हां तिघांना वाटी वाटी पाणी दिले, मग घागर भरली, मग उंटाच्या पुढ्यातल्या पाटीत थोडे ओतले, आणि शेवटी स्वतः प्याले. पाणी गोड होते. पोहऱ्याच्या तळाशी राहिलेले चार थेंबही त्यांनी घागरीतच उलटे केले. मग दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "चार महिना मेह! फेर तो कूवा घणा होसी?" चार महिने पाऊस, मग तुमच्याकडे विहिरी पुष्कळ असतील.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक आहे तिच्या आवारात एक दगडी विहीर होती. नळ आला, विहिरीत मुले पडतील ही भीती होती, आणि इमारतीच्या दुरुस्तीचा राडारोडा कोठे टाकावा हा प्रश्न होता. ती बुजवावी असा ठराव माझ्या सहीने झाला. जाळी टाकूनही भागले असते. जाळीचा खर्च मागण्याचा पत्रव्यवहार मला नको होता, हे खरे कारण. गेल्या दोन उन्हाळ्यांत शाळेला टँकर घ्यावा लागला आहे.

"होत्या," असे मी म्हणालो. हवालदारांनी त्याचे भाषांतर केले की नाही, मला कळले नाही.

रात्री ट्रॅक्टरने ओढून आणलेली जीप ढाणीवर आली. आम्ही उघड्या वाळूवर पडलो होतो. वाळू एकदम थंड झाली आणि आकाश इतके जवळ आले की सौ. म्हणाली, "अंगणात निजल्यासारखं वाटतंय." आज्जांनी तोब्रुकला असेच आकाश पाहिले असेल. मला झोप लवकर आली नाही.

निघताना सौ.ने रिकाम्या बाटलीत थोडेसे कुंईचे पाणी मागून घेतले. मागू नये असे मला वाटत होते, पण त्या वृद्ध गृहस्थांनी हसून दिले. परतीच्या प्रवासात तिने ती बाटली पिशवीत कपड्यांच्या घडीत ठेवली. बेळगावला उतरलो तेव्हा परतीचा पाऊस धोधो कोसळत होता आणि स्टेशनबाहेर रिक्षा मिळेना. मच्छ्याला घरी पोचल्यावर तिने निम्मे पाणी तुळशीला घातले. उरलेले आज्जांच्या तसबिरीपुढे ठेवावे असे तिचे म्हणणे होते. मी ते पिऊन टाकले. त्यांनाही तेच आवडले असते.

सोमवारी शाळा उघडली. मी पंचायतीला जाळीच्या खर्चाचे आणि विहीर उकरण्याचे पत्र लिहिले. अद्याप उत्तर आलेले नाही. दुसरे पत्र तयार आहे.