न दुखणारी किडनी

झरीच्या आमच्या मामांना मामींनी किडनी दिली, हे घरच्या मंडळींना माहीत आहेच. ऑपरेशनची गोष्ट सगळ्यांनी दहादा ऐकली. नंतरच्या नळीचं कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहितोय.

जुन्या किडन्या बहुधा तशाच ठेवतात. नवी खाली, ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि तिची मूत्रनळी मूत्राशयाला शिवतात. एरवी या नळीला वाटेत ठिकठिकाणी रक्त मिळतं. किडनी काढताना ते तुटतं आणि उरतं फक्त किडनीकडून येणारं. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी टोकाला कसं पोचतं, हे परभणीकरांना काय सांगायचं! नळीच्या टोकाचीही तीच गत. सुरुवातीला तिथं गळू शकतं, पुढं काही महिन्यांनी ते टोक आकसूही शकतं. म्हणून जोडाच्या आत डीजे स्टेंट नावाची बारीक नळी ठेवतात आणि काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढतात.

मामांचा स्टेंट निघाला. दोन-अडीच महिन्यांनी लघवी कमी व्हायला लागली.

"दुखंना तर काहीच, कशाला जायचं?" मामा म्हणाले. आमच्याकडं मुतखड्यानं गडाबडा लोळणारी माणसं सगळ्यांनी पाहिलेली. अडलं की दुखणार, हा हिशोब पक्का. पण बसवलेल्या किडनीच्या नसा तुटलेल्या असतात. ती तुंबून फुगली तरी बहुधा ओरडत नाही.

ओरडली ती मामींची वही. मापाच्या मगानं मोजून रोजचा आकडा लिहायचा, हा त्यांचा नेम. १८००, १५००, मग ११००. क्रिएटिनिन १.३ वरून २.४. मला वाटलं, शरीरानं किडनी नाकारली. क्रिएटिनिन त्यातही वाढतं, इलाज मात्र अगदी वेगळा. परभणीत सोनोग्राफी केली तर किडनी फुगलेली. त्याच रात्री छत्रपती संभाजीनगर गाठलं. पाठीतून नव्हे, पोटावरूनच (किडनी तिथंच ना!) नळी घालून तुंबलेली लघवी काढली, आकडा उतरला. मग आकसलेली जागा फुग्यानं रुंद केली आणि पुन्हा स्टेंट. अशी जागा परत आकसू शकते. तसं झालं तर ऑपरेशन करून नवा जोड.

आत विसरलेल्या स्टेंटवर खडे धरतात, म्हणून काढायची तारीख मामींनी कालनिर्णयवर लाल गोल करून ठेवलीय. मामा कुरकुरतात, "आता मुतायचाबी हिशोब!" मामी मग पुढं करतात.