सातबारा नसलेलं घर

न्यू जर्सीत घर घ्यायचं ठरलं, तेव्हा नागऱ्याहून बाबांचा पहिला प्रश्न आला, "सातबारा कोणाच्या नावानं निघते?" इथे सातबारा नसतो, काउंटीच्या कार्यालयात डीड नोंदवतात. त्याआधी क्रेडिट स्कोअर, घराची तपासणी, टायटलचा शोध आणि ३० वर्षांचं कर्ज. अमेरिकेचं नागरिकत्व नसलं तरी चालतं. उलट भारतीय पासपोर्ट असूनही, अनिवासी म्हणून गावात धानाची एक बांधीसुद्धा मला विकत घेता येत नाही; ती वारशानेच मिळू शकते. म्हणजे परक्या देशातल्या घराला माझी सही आणि हप्ते पुरतात, आपल्या शेतासाठी मात्र बाबांचं नसणं लागतं. हे त्यांना सांगितलेलं नाही. हप्ता किती, तेवढंच सांगितलंय.